विहीणबाईंचे जपानी सरकार

आयर्लंडहून परत आल्यापासून धरमपेठेतल्या मैत्रिणी विचारतात, "काय काय पाहिलंस?" मी सांगते, एक किल्ला पाहिला, एक नदी पाहिली, पुष्कळ गायी पाहिल्या आणि एक जपानी सरदार पाहिला. पहिल्या तीन गोष्टींना त्या माना डोलावतात, चौथीपाशी अडतात. जपानी सरदार बघायला आयर्लंडला कशाला जायचं, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी माझ्या विहीणबाईंची ओळख करून द्यावी लागेल.

ओंगार

डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाची नवी वसाहत आहे. एकसारखी विटांची घरं, समोर हिरवळीचा रुमाल, आणि मधूनच एखाद्या खिडकीतून येणारा हिंग-मोहरीचा वास. तिथे माझा मुलगा केदार, सून मृणाल आणि पाच वर्षांची नात ईरा राहतात. उन्हाळ्यात ईराची शाळा बंद आणि या दोघांची ऑफिसं चालू, म्हणून केदारने मला नागपूरहून बोलावलं. मृणालनेही त्याच विचाराने आपल्या आईला पुण्याहून बोलावलं. दोघांनी एकमेकांना हे सांगितलं तेव्हा दोन्ही तिकिटं काढून झाली होती.

मृणालची आई म्हणजे शैलजाताई. त्या जपानी भाषेच्या दुभाषी होत्या. मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांत जपानी साहेब आले की दोन बाजूंच्या मध्ये बसून इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका दाइम्योला घरात आणून ठेवलं. दाइम्यो म्हणजे जुन्या जपानातला संस्थानिक. स्वतःचा मुलूख, स्वतःचा किल्ला, स्वतःचे सामुराई, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एडो शहरात बसलेला शोगुन. एडो म्हणजे आजचं टोकियो. शैलजाताईंचा दाइम्यो कुठल्याशा डोंगराळ, गरीब मुलखाचा धनी होता. मोठ्या इतिहासांत त्याचं नावही येत नाही. त्याच्यावर त्या मराठीत पुस्तक लिहीत आहेत. 'लिहीत आहेत' हे मी मृणालच्या लग्नापासून ऐकते आहे.

तो त्यांच्या बोलण्यात इतका यायचा, की मी त्याला 'तुमचे सरकार' म्हणू लागले. त्यांना ते आवडलं. मी थट्टा करत होते हे त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि त्यांनी ते पुणेरी पद्धतीने सोडून दिलं.

एका ओट्यावर दोन विहिणी म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. माझी तर्री उकळायला लागली की शैलजाताई खिडकी उघडत. त्यांच्या आमटीत गूळ पडला की मी तोंड दुसरीकडे करी. ईरा दोघींचं खायची आणि दोघींना इंग्रजीत उत्तरं द्यायची. एकदा मी तिला विचारलं, "ईरा, साखरेचा डबा कुठं गं?" ती म्हणाली, "इट्स इन द प्रेस, आजी." आमच्या नागपुरात प्रेस म्हणजे इस्त्री. मी बराच वेळ इस्त्रीच्या टेबलाभोवती डबा शोधला. तिथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात, हे मला शैलजाताईंनी सांगितलं, तेही मी टेबलाखाली वाकून झाल्यावर.

एका संध्याकाळी मी आमटीला गोड म्हटलं. शैलजाताईंनी शांतपणे चमचा खाली ठेवला.

"आमच्या सरकारांना जेवणाला नावं ठेवता येत नसत," त्या म्हणाल्या.

"का? ते तर मालक ना?"

"मालक म्हणूनच. भातात खडा आला तरी निमूट गिळायचे. हूं केलं, तर आचाऱ्याला शिक्षा व्हायची. कदाचित पोट फाडून घ्यावं लागायचं. शिवाय आधी दोघातिघांनी चाखून, विष नाही अशी खात्री करून मग ताट यायचं. म्हणजे जन्मभर गार जेवण."

"मग मी आता काय करू?"

"गरम आहे तोवर जेवा."

केदारने मान खाली घालून भात कालवला. त्याचे खांदे हलत होते.

त्याच आठवड्यात मृणाल एक निमंत्रण घेऊन आली. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची आई, ब्रीडा, किलकेनीजवळच्या एका खेड्यात राहते. तिथल्या महिला मंडळात दर महिन्याला कुणीतरी येऊन बोलतं. मागच्या महिन्यात मधमाश्यांवर झालं होतं, पुढच्या महिन्यात गुडघ्यांवर होतं. मधला महिना रिकामा होता. शैलजाताईंनी जपानी सरदारावर बोलावं, ब्रीडाच्याच घरी दोन दिवस उतरावं, आणि सोबत म्हणून मीही जावं.

"तुम्हाला दोघींना बदल होईल," मृणाल म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो आमच्या बदलाचा नव्हता, हे दोघींनाही कळलं. ईराचे दोन दिवस शेजारच्या मैत्रिणीकडे ठरवूनही झाले होते.

किलकेनी

किलकेनी जुनं शहर आहे. नोर नदी, तिच्या काठावर करड्या दगडाचा किल्ला, आणि किल्ल्यापासून निघणारे अरुंद रस्ते. दुकानांना लाल, निळे, पिवळे रंग, जणू कुणी पोळ्याच्या बैलांची शिंगं रंगवली आहेत. पाऊस म्हणाल तर पडत नव्हता, नाही म्हणाल तर चष्मा सारखा पुसावा लागत होता. ब्रीडा आम्हाला बसथांब्यावर घ्यायला आली. उंच, हाडापेराची, पांढऱ्या केसांची बाई. "सॉफ्ट डे," ती आभाळाकडे बघून म्हणाली. एवढ्या ओलीला मऊ म्हणणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

ती बाजार उरकेपर्यंत आम्ही किल्ला पाहायचा असं ठरलं. किल्ल्यात झुंबरं, लांबलचक जेवणाची टेबलं, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. प्रत्येक दालनात शैलजाताई थांबत आणि तुलना करत.

"आमच्या सरकारांकडे असलं काही नव्हतं. चटया आणि कागदाची दारं. पण एकटेपणा नाही. अंघोळीला माणसं, कपडे घालायला माणसं, शौचालाही सोबत माणसं."

"म्हणजे दारात?"

"आतसुद्धा."

मी म्हटलं, "मग आपलं बरं."

बाहेरच्या हिरवळीवर एक जर्मन जोडपं फोटो काढत होतं. त्यांनी सहज विचारलं, किल्ला कसा वाटला. झालं. शैलजाताई सुरू झाल्या. एका वर्षी आपल्या मुलखात राहायचं, दुसऱ्या वर्षी एडोला शोगुनच्या दरबारी, असा दाइम्योंना नेम होता. दर वर्षी शेकडो माणसांचा तांडा घेऊन प्रवास. सरकार पालखीत मांडी घालून बसलेले, पायांना मुंग्या आलेल्या, पण पाय बाहेर काढायची सोय नाही. एडो जवळ आलं की भाड्याची माणसं तांड्यात घुसवायची, म्हणजे शहरातल्या लोकांना वाटावं, काय थाट आहे. जर्मन माणसाची बायको दोनदा निघाली आणि दोनदा परत थांबली. सगळं त्या झिमझिमीत, डोक्यावर टोपी न घेता, कारण टोपीत आवाज घुमतो असं शैलजाताईंचं म्हणणं.

मग आम्ही नदीकाठच्या बाकावर छत्री धरून बसलो. मी डब्यातली पाटवडी काढली. एक वडी खाऊन शैलजाताई म्हणाल्या, "कुंदाताई, मला भीती वाटते आहे."

मला वाटलं, वडी तिखट लागली. "पाणी देऊ?"

"उद्याची. आयुष्यभर बोलले, पण सगळं दुसऱ्यांचं. साहेब रागावला की मी रागावलेले शब्द बोलायचे, समोरचा माफी मागायचा की मी माफीचे. मी म्हणून कधी कुणी मला लोकांसमोर उभं केलं नाही. पुस्तकही त्यामुळेच होत नाही. बसलं की वाटतं, हे ऐकायचंय कुणाला?"

मी वर्षानुवर्षं त्या पुस्तकाची चेष्टा करत होते, मनात आणि फोनवरही. त्या वेळी आणखी एक वडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली. त्यांना तिखट सोसत नाही हे मला माहीत होतं.

ब्रीडाचं घर

ब्रीडाच्या घरासमोर गायी, मागे गायी, आणि गायींच्या पलीकडे दुसऱ्याच्या गायी. तिने आमच्यासाठी शाकाहारी जेवण केलं होतं. बटाटे उकडलेले, बटाटे भाजलेले, आणि बटाटे कुस्करून लोणी घातलेले. सोबत तिने घरी भाजलेला ब्राउन ब्रेड, इतका छान की मी नुसता खाल्ला. माझ्या पर्समध्ये लाल तिखटाची पुडी होती. मी ती टेबलाखाली उघडली, आणि शैलजाताईंनी टेबलाखाली हात पुढे केला. ओंगारपासूनचा आमचा पहिला तह तो.

सकाळी त्या खाली आल्या आणि तोंड उघडलं, तर नुसती हवा आली. आवाज पार बसला होता. ब्रीडाने मध, लिंबू आणि एका बाटलीतलं काहीतरी गरम पाण्यात घालून दिलं. शैलजाताईंनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. घसा लाल झाला, गालही लाल झाले, आवाज मात्र आला नाही.

"पुढच्या महिन्यात ठेवू," ब्रीडा म्हणाली. "गुडघे आधी घेऊ."

पुढच्या महिन्यात शैलजाताई पुण्यात असणार होत्या. त्या खिडकीतून गायींकडे पाहत बसल्या. मग फोन घेऊन काहीतरी टाइप केलं आणि माझ्यासमोर धरलं. 'तुम्ही बोला.'

मी म्हटलं, "वेड लागलंय का? माझं इंग्रजी म्हणजे विमानतळावरचं. व्हेअर इज गेट, व्हेअर इज बाथरूम."

त्यांनी पुन्हा टाइप केलं. 'सगळं ऐकलंय तुम्ही. पुन्हा पुन्हा.' आणि खाली, 'आता तुम्ही माझ्या दुभाषी.'

आता याला नाही कसं म्हणायचं.

सभागृह

गावचं सभागृह म्हणजे एक लांब खोली, कडेला चहाचं टेबल, स्कोन, जॅम, आणि पातेलंभर चहा मावेल अशा किटल्या. पंधरावीस बायका आल्या होत्या. दोन नवरेही होते, गाडी चालवायला म्हणून आलेले आणि बाहेर थंडी म्हणून आत बसलेले. शैलजाताई निळ्या नारायणपेठीत माझ्या शेजारी, पाठ ताठ.

मी उभी राहिले. म्हटलं, "दिस इज शैलजा. शी नोज एव्हरीथिंग. आय नो लिटल. बट शी हॅज नो व्हॉइस, सो यू गेट मी." बायका हसल्या. मला जरा धीर आला.

सरकारांचे केस रोज सकाळी तेल लावून वर बांधायचे, तो केशसंस्कार सांगितला, गार जेवण सांगितलं, भातातला खडा सांगितला. खड्याला सगळ्यांनी च्यक च्यक केलं. एक बाई नवऱ्याला कोपर मारून म्हणाली, "ऐकलंस का?" मग मी शोगुनच्या नेमावर आले. दाइम्यो वर्षाआड गावी जायचा, पण त्याची बायको आणि मुलं कायम एडोतच ठेवलेली. त्याने बंड करू नये म्हणून ओलीस. ओलीसला इंग्रजी शब्द मला पाठ होता. ऐन वेळी तोंडातून निघालं, "शोगुन केप्ट हिज वाइफ अँड चिल्ड्रन इन हॉस्टेल."

मागून एक आवाज आला, "बोर्डिंग स्कूल होतं म्हणायचं."

"बायकोलासुद्धा?" दुसरीने विचारलं.

शैलजाताई खुर्चीतल्या खुर्चीत हात हलवत होत्या. शेवटी त्यांनी स्वतःची दोन्ही मनगटं एकमेकांवर बांधल्यासारखी धरून दाखवली. "होस्टेज," ब्रीडा म्हणाली. सगळं सभागृह हसलं. शैलजाताईही हसल्या, आवाज न येता, डोळे पुसत.

गाडी चालवायला आलेल्यांपैकी एक म्हातारबुवा म्हणाले, "आमचे जमीनदार लॉर्ड तर आपल्या खुशीने लंडनला जाऊन राहायचे. वर्षाआड त्यांना परत पाठवणारा असा एखादा तुमचा माणूस आम्हाला मिळाला असता तर बरं झालं असतं." त्यांनी शोगुनला 'युवर मॅन' म्हटलं. मला वाटलं, शोगुन आपल्याकडचा कधीपासून झाला. नंतर कळलं, तिकडे कुणालाही तसंच म्हणतात.

मग पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "आणि ती? वर्षभर ती काय करायची?"

मी शैलजाताईंकडे पाहिलं. त्यांनी हात पसरले. बायकोबद्दल त्यांनी मला कधी काही सांगितलंच नव्हतं. सरकारांचा तांडा, सरकारांची पालखी, सरकारांचा भात, सगळं आलं होतं. ती आली नव्हती. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मला जे माहीत होतं ते मी सांगितलं.

म्हटलं, माझा नवरा पाटबंधारे खात्यात होता. आज या धरणावर, उद्या त्या धरणावर. मुलांची शाळा नागपुरात, म्हणून मी नागपुरात. दिवाळीला यायचे. होल्डॉलला सगळी तांबडी माती. मुलं पहिले दोन दिवस माझ्या पदराआडून बघायची. ते आपल्याच घरात विचारायचे, टॉवेल कुठे असतो. त्यांना आवडते म्हणून मी बासुंदी आटवून ठेवायची, आणि ते म्हणायचे, साइटवर सवय सुटली गोडाची. मुलं अंगाखांद्यावर खेळायला लागली की होल्डॉल बांधायचा दिवस आलेला असायचा. म्हटलं, त्या जपानी बाईचंही असंच असणार. नवरा येणार म्हणून वर्षभर तयारी, आणि येतो तो पाहुणा. तिला कुणी हॉस्टेलात ठेवलं होतं की नाही कोण जाणे, पण वाट बघायला तर ठेवलंच होतं.

हे सगळं मी कुठल्या इंग्रजीत सांगितलं, मला आठवत नाही. पण चहाचे कप वाजायचे थांबले होते.

"तिला कधी घरी जाता आलं का?" ब्रीडाने विचारलं.

शैलजाताईंनी माझा दंड धरला आणि मला खाली वाकवलं. त्यांची कुजबुज माझ्या कानात, आणि माझं मोडकं इंग्रजी सभागृहात, असं एकेक वाक्य करत आम्ही सांगितलं. शोगुनची सत्ता ढिली झाली तेव्हा नेम सैल केला. बायकामुलांना आपापल्या मुलखात जायची परवानगी मिळाली. सरकारांची बायकोही निघाली. पण ती एडोतच जन्मलेली, तिची आईही एडोतली. ज्याला सगळे तिचं घर म्हणत होते, ते तिने पाहिलेलंच नव्हतं. पालखीत बसताना ती खूप रडली. लोकांना वाटलं, सुटकेच्या आनंदाने.

मग मागच्या त्या बोर्डिंग स्कूलवाल्या बाई म्हणाल्या, "माझ्या बहिणीची मुलं दर उन्हाळ्यात बॉस्टनहून येतात. आम्ही म्हणतो, वेलकम होम. बिचारी थँक यू म्हणतात."

टाळ्या झाल्या. शैलजाताईंना हाताला धरून मी उभं केलं. त्या वाकल्या, जपानी पद्धतीने, कंबरेतून, आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

बसथांबा

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रीडा आम्हाला बसवर सोडायला आली. एक ब्रेड कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत कोंबला. शैलजाताईंचा आवाज थोडा परतला होता, फाटक्या तबल्यासारखा, आणि परतल्या परतल्या त्यांनी माझ्या चुका काढायला घेतल्या होत्या. केशसंस्कार अंघोळीनंतर की आधी, सामुराईच्या तलवारी किती, भात कोण वाढायचं. मी म्हटलं, "आणि बायकोचं? ते तर सगळं मी मनचंच सांगितलं."

"ते पुस्तकात घेणार आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या नावानिशी. बासुंदी तेवढी जपानात नव्हती."

बस अजून दिसत नव्हती. ब्रीडाने विचारलं, "आणि तुमचा लॉर्ड? त्याचं पुढे काय झालं?"

"संस्थानं गेली," शैलजाताई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "नवं सरकार आलं. त्यांनी सगळ्या जुन्या दाइम्योंना हुकूम केला, मुलूख सोडा आणि टोकियोत येऊन राहा. बायको नुकती कुठे डोंगरात रुळली होती, तिला घेऊन परत तिथेच. किल्ला नाही, तांडा नाही, माणसं नाहीत. एक साधं घर. आयुष्यात पहिल्यांदा ते दोघं कायमचे एका छपराखाली राहिले."

"मग? पटलं का त्यांचं?"

"माहीत नाही. तोवर प्रवासात दर मुक्कामावर ते कविता करत. पाऊस, चिखल, दुखणारे पाय, दूर राहिलेलं घर. फार चांगल्या नाहीत, पण पुष्कळ आहेत. त्या घरात राहायला गेल्यावर एकही नाही."

"मग सुखात होता," ब्रीडा म्हणाली.

बस आली. ब्रीडाने दोघींना जवळ घेतलं आणि आम्ही चढलो. शैलजाताई खिडकीशी बसल्या आणि लगेच झोपल्या. बाहेर गायी, भिंती, पुन्हा गायी. आमचे हे धरणांवर असताना मी त्यांना दर आठवड्याला लांबलचक पत्रं लिहीत असे. निवृत्त होऊन ते कायमचे घरी आले, आणि त्यानंतर जाईपर्यंत चार वर्षं आमच्याजवळच होते. त्या चार वर्षांबद्दल माझ्याकडे लिहिलेली एक ओळही नाही.